आधीचवाले

दिवेवाला स्वतः येतोय असा निरोप आला, तेव्हाच थोरलीने ओळखलं की काचेचं प्रकरण मिटलेलं नाही. माल बदलून द्यायचा असला की दुकानदार माणूस पाठवतो. स्वतः येतो तो काहीतरी विचारायला येतो. खालच्या दुकानात इतकी वर्षं काचसामान विकून तिला एवढं तरी कळत होतं.

रविवार असल्यामुळे दुकान बंद आणि सगळं घर वरच्या खोलीत टेबलाभोवती जमलेलं. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत. थोरलीचा नवरा वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेला. तो वाचत नव्हता, लपत होता. दार ते खिडकी अशा धाकट्या दिराच्या येरझाऱ्या चाललेल्या. आणि वन्सं, जिच्यापायी हा सगळा खटाटोप झाला होता, ती बोटावरच्या सुईच्या टोचण्या कुरवाळत बसलेली.

वन्संच्या नव्या शिवणाच्या दुकानासाठी दोघा भावांनी मिळून दिवा घेतला होता. छताला टांगायचा, पितळी दांडीचा, काचेच्या पाच फुलांचा. परवा संध्याकाळी दिवेवाल्याच्या गाडीवाल्याने खोका वर आणून दिला. रात्रभर तो याच टेबलावर होता. काल सकाळी वन्संनी सगळ्यांदेखत तो उघडला, वरचं पहिलंच फूल उचललं आणि ते कागदातल्या कागदात खळखळलं. तुकडे झालेले. कुणी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आधीच फुटलेलं आलंय."

त्या एका शब्दाने थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण या घरात तो शब्द कुणी सरळ तोंडाने वापरत नसे. तो गिऱ्हाइकांचा शब्द होता. सासरे, म्हणजे सगळ्यांचे नाना, गल्ल्यावर बसायचे तेव्हा एक गृहस्थ तोटी तुटलेली किटली घेऊन आले होते. म्हणाले, आधीच अशी निघाली. नानांनी किटलीत डोकावून पाहिलं, तळाशी चहाची पत्ती चिकटलेली. "मग ही पत्तीसुद्धा आधीचीच का हो?" नानांनी अगदी गोडीत विचारलं होतं. तेव्हापासून फुटलेला माल आणून दुकानावर ढकलणाऱ्या समस्त मंडळींना घरात 'आधीचवाले' म्हणत. लग्न होऊन आली त्या वर्षी नानांनी थोरलीला शेजारी बसवून शिकवलं होतं की खऱ्या गिऱ्हाइकाला फुटक्या वस्तूचा राग येतो, आधीचवाल्याला आपल्या प्रश्नाचा. सासूबाई तर दार लोटून येणाऱ्या पिशवीवरून आधीचवाला ओळखायच्या आणि थोरलीला डोळ्यांनी खुणवायच्या. त्या बाईच्या तोंडून हा शब्द यावा, आणि तोसुद्धा हसल्याशिवाय?

"मला एक कळत नाही," वन्सं म्हणाली, "काल तू तिथे जाऊन एवढा आरडाओरडा का केलास? नुसतं सांगायचं."

"नुसतं सांगून कोण ऐकतं?" धाकटा थांबला. "आपण धंद्यातली माणसं आहोत. मुळमुळीत बोललं की समोरच्याला संशय येतो. आणि मी काय मनाचं सांगितलं? आई म्हणाली आधीच फुटलेलं, मी तेच बोललो."

"पण तुला खात्री होती?"

"अगं, नसती तरी काय बिघडत होतं? त्याला वरून कारखाना बदलून देतो. त्याचं नुकसान नाही, आपलं नाही. मधल्या मधे काम होतं."

"असं?" थोरली म्हणाली. "मग आपण आधीचवाल्यांना इतकी वर्षं शिव्या का घालतो, भाऊजी?"

"आपलं दुकान लहान आहे," वर्तमानपत्राआडून नवरा पुटपुटला.

वन्संना हसू आलं. धाकट्याला नाही. "वहिनी, तुम्ही प्रश्न फार विचारायला लागलात. खाई त्याला खवखवे म्हणतात."

"मला खवखवत नाही, म्हणून तर विचारतेय. खोका रात्री इथे होता. कुणी हलवला?"

"मी हलवला," धाकटा चटकन म्हणाला. "टेबलाच्या कडेला होता, मधे सरकवला. उघडला नाही. आता उभं करा मला आरोपीच्या पिंजऱ्यात."

थोरलीने त्याच्याकडे गल्ल्यावरच्या नजरेने पाहिलं. त्याला राग प्रश्नाचा आला होता की काचेचा, काही कळेना. त्याला राग येतच असे, त्यामुळे नानांची कसोटी त्याच्यापुढे फुकट जायची. वन्संनी स्वतःचाच दिवा फोडला नसता. नवऱ्याने फोडला असता तर आत्तापर्यंत त्याच्या चेहऱ्यानेच तीनदा कबुली दिली असती. त्याला खोटं पचत नाही आणि खरं उच्चारवत नाही. उरल्या सासूबाई.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. दोन्ही हात टेबलाखाली, मांडीवर. समोरचा चहा तसाच, वर साय धरलेली.

"आई, चहा गार होतोय."

"असू दे. गरम लागतो मला हल्ली."

गार होतोय आणि गरम लागतो! थोरलीने हे मनात टिपून ठेवलं. हल्ली सासूबाईंचं बरंच काही तिने असं टिपलं होतं. गिऱ्हाइकाला सुटे पैसे हातात द्यायचं सोडून त्या फळीवरून सरकवायच्या. थोरलीला वाटलं, म्हातारपणी मिजास आली. काच गुंडाळायची वेळ आली की म्हणायच्या, "तू गुंडाळ, मी बोलते गिऱ्हाइकाशी." थोरलीला वाटलं, कष्ट सुनेला आणि गोड बोलणं स्वतःला. दोघींमध्ये फार प्रेम होतं अशातला भाग नव्हता. पण नाना गेल्यावर गल्ल्याची किल्ली सासूबाईंच्या कमरेला आली आणि ती तिथे होती तोवर थोरलीची शेजारची जागाही शाबूत होती. धाकट्याच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. काच विकणं सोडायचं, प्लास्टिकचे डबे ठेवायचे, आईने घरी आराम करायचा आणि वहिनींनीही. आईचं काहीतरी चुकावं, एवढ्याच कारणाची तो वाट बघत होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासूबाईंना तर सगळ्यात आधी.

जिन्यावर पावलं वाजली. दिवेवाला आत आला. नीटनेटका, पन्नाशीचा माणूस. काखेत एक नवा खोका आणि हातात एक पिशवी. पिशवी जपून धरलेली.

"काकू, नमस्कार. रविवारी त्रास देतोय."

"बसा. चहा टाकायला सांगते," सासूबाई म्हणाल्या. आवाजात काही फरक नव्हता.

"नको, चहा नको." त्याने नवा खोका वन्संपुढे ठेवला. "ताई, हे तुमचं नवीन फूल. तपासून घ्या. तुमच्या शब्दावर बदलून दिलंय, ते काही परत मागत नाही."

"मग झालं तर!" धाकटा एकदम मोकळा हसला. "मी म्हणत नव्हतो? धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला समजून घेतो."

"घेतो ना. म्हणूनच आलो." दिवेवाला खुर्चीच्या कडेवर टेकला. "माझा गाडीवाला खाली उभा आहे. त्याच्या हातून माल फुटल्याची यंदाची ही तिसरी तक्रार. आधीच्या दोन वेळा सांभाळून घेतलं. काल तुमचे चिरंजीव येऊन बोलले ते दुकानात चार लोकांनी ऐकलं. मी त्याला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. तो म्हणतो, मी खोका टेबलावर ठेवला तेव्हा आत काही वाजलं नाही. आता तो तसंच म्हणणार. पण चौदा वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून म्हटलं काढण्याआधी एकदा स्वतः बघू."

वन्संचा चेहरा पडला. "अरे देवा. त्याला काढणार?"

"काचेचा धंदा आहे, ताई. हाताचा भरवसा नसला तर कसं ठेवायचं?"

हे वाक्य ऐकताना सासूबाईंनी पापणी हलवली नाही. थोरली बघत होती म्हणून तिला ते न हलणंच दिसलं.

दिवेवाल्याने पिशवीतून पुडकं काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. काल धाकट्याने परत नेलेलं फूल, तुकड्यांसकट, आहे त्या कागदात. "आता मला एवढंच सांगा. आमच्याकडे प्रत्येक फूल पांढऱ्या जाळीत येतं. फळांना असते ना, तशी जाळी. तुमच्या खोक्यातली उरलेली चार तशीच असतील. हे एकटंच कागदात कसं? गाडीवाला रस्त्यात बसून कागद गुंडाळणार नाही. आणि गुंडाळला तरी त्याला ही असली घडी कुठून यायची?"

वन्संनी खोलीच्या कोपऱ्यातला जुना खोका ओढला, आत हात घातला. एक जाळी, दुसरी जाळी. तिने सावकाश हात बाहेर काढला.

घडी सगळ्यांच्या ओळखीची होती. वर्तमानपत्राच्या कागदात काच ठेवायची, गुंडाळायची, आणि दोन्ही टोकं नुसती न पिळता त्रिकोणी दुमडून आत खोचायची, म्हणजे पुडक्याला दोन कान आल्यासारखे दिसतात. असं पुडकं हातातून निसटलं तरी उलगडत नाही. या दुकानाचा माल गावात कुठेही गेला तरी त्या कानांवरून ओळखू यायचा. काल सकाळी घरातल्या कुणालाही हे खटकलं नव्हतं, कारण या घरात काच म्हटली की ती कागदातच असायची आणि कागदाला कान असायचेच. ज्याने लपवायला गुंडाळलं, त्याच्या हातांनी सवयीने सही करून ठेवली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि भांड्यावर नाव घालून ठेवायचं, असला प्रकार.

"हे आपल्या घरचं आहे," वन्सं हळूच म्हणाली.

"आपल्या घरचं म्हणजे?" धाकट्याचा आवाज चढला, पण आता तो दिवेवाल्यावर नव्हता. तो वळला. "ही घडी घरात दोघींनाच येते. आईला आणि वहिनींना. आई असलं काही करणार नाही. मग?"

"मग काय?" थोरली म्हणाली.

"मग काय ते तुम्हीच सांगा. मघापासून सगळ्यांची उलटतपासणी घेताय. चोराच्या उलट्या बोंबा! आणि मी तिकडे जाऊन त्या माणसाच्या तोंडावर ओरडून आलो. माझी अब्रू घालवलीत."

"वहिनी, उघडून बघितलंस का गं?" वन्सं विचारत होती. मघाशी तिच्या बाजूने हसणारी वन्सं आता एक खुर्ची लांब सरकल्यासारखी बोलत होती. "बघितलं असलंस तरी चालेल. फुटतं हातून. पण सांगायचं ना."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तू?" एवढंच तो म्हणाला. तो एक शब्द थोरलीला दिराच्या सगळ्या बडबडीपेक्षा जास्त लागला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढंही ठरवता येऊ नये?

तिने पुडकं जवळ ओढलं आणि कान बघितले. दोन्ही उजवीकडे पडलेले.

थोरली डावरी होती. लग्न झाल्यावर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "दुकानात डावा हात नको हं. डाव्या हाताने पैसे दिले की गिऱ्हाईक नाराज होतं." तेव्हापासून ती पैसे उजव्या हाताने द्यायला शिकली होती. पण काच ती डाव्यानेच गुंडाळायची, कारण काचेशी खोटं चालत नाही. तिच्या पुडक्याचे कान डावीकडे पडायचे. नाना थट्टेने म्हणायचे, डाव्या कानाचं ते सुनेचं, उजव्या कानाचं ते सासूचं. नाना गेले आणि ही थट्टा दोघींखेरीज कुणाच्या लक्षात राहिली नाही.

आणि या पुडक्याचा एक कान धड बसलेला नव्हता. कागदावर तीन-चार घड्यांच्या रेघा होत्या. दुमडला, सुटला, परत दुमडला, परत सुटला, शेवटी कसाबसा आत ढकलला. डोळे मिटूनही ही घडी घालणाऱ्या बाईला ती आता जमली नव्हती.

फळीवरून सरकवलेले सुटे पैसे. "तू गुंडाळ." न प्यायलेला चहा. थोरलीने हे सगळं नीट टिपलं होतं आणि सगळ्याचा हिशेब चुकीचा मांडला होता. तिला स्वतःचीच लाज वाटली. मिजास नव्हती ती, हात कापत होते. काय झालं असेल तेही तिला आता दिसलं. लेकीचा दिवा एकदा आपण बघावा म्हणून रात्री त्यांनी खोका उघडला असणार, आणि फूल बोटांत राहिलंच नसणार.

एका कागदाने सगळं सिद्ध झालं असतं. एक पान घ्यायचं, सगळ्यांसमोर घडी घालायची, कान डावीकडे पाडून दाखवायचे. हातच्या काकणाला आरसा कशाला? ती सुटली असती, गाडीवाला सुटला असता. आणि उद्या सकाळी धाकट्याने गल्ल्याची किल्ली मागितली असती, कारण काचेच्या धंद्यात हाताचा भरवसा नसला तर कसं ठेवायचं, हे तर पाहुण्यानेच आत्ता सांगून ठेवलं होतं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पहिल्यांदा खिडकी सोडून तिच्याकडे बघत होत्या. त्या नजरेत विनवणी नव्हती. आता तू काय करशील, एवढाच संशय होता. उभ्या आयुष्यात दोघींनी एकमेकींना दुसरं काही दिलं नव्हतं.

"घडी माझीच आहे," थोरली म्हणाली. "रात्री मी उघडलं. हातातून निसटलं. गाडीवाल्याची काही चूक नाही, त्याला काढू नका."

"बघा!" धाकटा म्हणाला. "आणि ह्यांना गल्ल्याशेजारी बसवतो आपण."

दिवेवाला मात्र तिच्याकडे विचित्र नजरेने बघत होता. दुकानदारच तो. पटकन मिळालेलं कबुलीचं नाणं त्याने वाजवून बघायचं ठरवलं. "ताई, राग मानू नका. काल तुमच्या घरचे म्हणाले आधीच फुटलं होतं. आज म्हणता माझ्या हातून. गाडीवाल्याची दया आली म्हणून तर म्हणत नाही ना? एक घडी घालून दाखवता का? म्हणजे माझं समाधान होईल आणि त्यालाही तोंडावर सांगता येईल."

नवऱ्याने मुकाट्याने वर्तमानपत्राचं एक पान तिच्यापुढे सरकवलं. वन्संनी नवं फूल जाळीतून काढून ठेवलं.

डाव्याने घातली तर कान डावीकडे पडणार. थोरलीने उजव्या हाताने कागद धरला. काच गुंडाळेपर्यंत जमलं. टोक दुमडायला घेतलं आणि बोटं अडखळली. कान दुमडला, सुटला. परत दुमडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकटा वैतागून म्हणाला, "अहो, रोज घालता ना?" ती तिसऱ्यांदा टोक आत खोचायला लागली. टेबलावरच्या पुडक्यासारखंच वेडंवाकडं दुसरं पुडकं तिच्या हातात तयार होत होतं, कान उजवीकडे पाडून.

"पुरे."

सासूबाई बोलल्या होत्या.

"पुरे गं. उजव्या हाताने कशाला घालतेस? फोडशील तेही."

त्यांनी मांडीवरचे दोन्ही हात वर आणले आणि टेबलावर ठेवले. ठेवले तरी ते थांबले नाहीत. उजव्याचं बोट न् बोट थरथरत होतं, बांगड्या टेबलाच्या लाकडावर बारीक वाजत होत्या. वन्संनी तोंडावर हात ठेवला.

"काच धड आली होती," सासूबाई दिवेवाल्याला म्हणाल्या. "मी फोडली. काच आधीच फुटलेली नव्हती. हात आधीच असे होते. दिवाळं निघाल्यासारखं लपवत होते चार महिने. त्या माणसाला वर बोलवा."

कुणी उठेना, तेव्हा थोरलीचा नवरा उठला आणि जिन्यावरून हाक मारून आला. गाडीवाला वर आला, दाराबाहेरच उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात.

"आत या," सासूबाई म्हणाल्या. "मी तुमच्या नावावर खोटं बोलले. माझ्या हातून फुटलं आणि सांगितलं आधीच फुटलं होतं. तुमचं नाव घेतलं नाही, पण दुसरं कोणाचं नाव येणार होतं? मला ते कळत होतं. सगळं कळून बोलले."

गाडीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या हातांकडे पाहिलं आणि मालकाकडे वळला. "मग मी उद्या येऊ ना?"

"ये," दिवेवाला म्हणाला. तो खजील झाला होता. "आधीच्या दोन तक्रारींचंही बोलू आपण. त्या तरी खऱ्या होत्या का, कोण जाणे." तो उठला. "काकू, फुलाचं राहू द्या."

"का राहू द्या? किंमत घेऊन जा. आमच्याकडे आधीचवाल्यांना सोडत नाहीत."

ते दोघे गेले. जिन्यावरची पावलं खाली विरली. मग धाकटा खुर्ची ओढून आईजवळ बसला. त्याचा आवाज खरोखर मऊ झाला होता, आणि थोरलीला त्या मऊपणाचाच जास्त संशय आला. "आई, अगं सांगायचं ना. डॉक्टरकडे नेलं असतं. आता मात्र दुकान नको हं. मी म्हणतच होतो, आता आराम..."

"माहितेय तू काय म्हणत होतास. तू म्हणणार, म्हणूनच लपवलं." सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर कापरा हात ठेवला. "पण खरं आहे तुझं. ज्या हाताने काच धरवत नाही, त्याने काच विकू नये."

त्यांनी कमरेची किल्ली सोडवायला घेतली. गाठ सुटायला फार वेळ लागला. वन्सं मदतीला वाकली तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. धाकट्याचा हात नकळत थोडा पुढे आला होता. किल्ली सुटली, बोटांत किणकिणली आणि त्याच्या हातावरून पुढे जाऊन थोरलीसमोर थांबली.

सवयीने थोरलीने उजवा हात पुढे केला.

"तो नको," सासूबाई म्हणाल्या. "डाव्यानेच घे."